पाणी जोखताना

वडगावात नळाला पाणी आठव्या दिवशी.
म्हणून घरटी एक बॅरल,
काळा, जिन्याखाली,
रंगवाल्याकडून दीडशेला आणलेला.
मी बॅटरी लावून वाकते.
माग थांबत नाहीत, भिंतीसुद्धा खडखडतात,
घरातली बाई आणि मी ओरडूनच बोलतो.

"काय बघुलीस गे?"
"पोरं."
"कुणाची?"

हिरेमठ सरांनी सांगितलं होतं प्रशिक्षणात,
की ती घाईत नसते.
रक्त पिऊन झालं की दोन-तीन दिवस
कपाटामागे, लुगड्यांच्या घडीत बसून राहते,
मग ऊन कलताना निघते जागा बघायला.
पांढऱ्या बादलीवरून पुढे जाते.
काळं तिला लांबून दिसतं.
सावली हवी, वारा नको,
आणि पाणी नुसतं नितळ असून भागत नाही,
त्यात एखादं पान पडून कुजलेलं हवं,
फिक्या चहाचा रंग उतरलेला,
पोरांच्या तोंडात काहीतरी पडेल असं.
मग ती उतरते. पाण्यावर नाही,
पाण्याच्या वर बोटभर, ओल्या भिंतीला,
तीही खरखरीत असली तर बरी,
आणि पायांनी चव घेते.

पायांनी.
मी वहीत लिहायची थांबले.

आणखी एक म्हणाले ते, जाता जाता:
आधीच कुणाची चार पोरं तिथं वळवळत असली
की तिला धीर येतो. इथं जगता येतं म्हणायचं.
फार झाली असली तर मात्र परत फिरते.
एवढं बोलून ते गप्पी माशांकडे वळले.

चंदगडहून आले तेव्हा
कडेवर मल्हारी, हातात एक पिशवी,
अकरा खोल्या बघितल्या होत्या मी.
कुठे मोरी चांगली, कुठे भाडं कमी.
बाराव्या खोलीच्या पायरीवर
भोवऱ्यावरून दोघं भांडत होती,
एक मराठीत शिवी देत होता
दुसरा कन्नडमधून परत करत होता,
दोघांनाही पोचत होती.
मी उंबऱ्याबाहेर चप्पल काढली.
आत फरशी गार होती.
घेते म्हटलं.

छापील फॉर्म कन्नड. त्यात दोनच रकाने भरायचे,
माझं कन्नड तिथूनच सुरू झालं:
इदे. इल्ला.
आहे. नाही.

इरव्वा कामकरांचा बॅरल कोरडा.
"बघ, काही नाही," म्हणाल्या.
मी आतून बोट फिरवलं.
पाण्याच्या जुन्या रेघेवर
काजळ सांडावं तसे ठिपके.
ही अंडी आहेत, म्हटलं, पाण्याची वाट बघतायत,
महिनोन्महिने बघतील.
काथ्याने घासा, नुसतं धुऊ नका.
त्या बॅरलकडे बघत राहिल्या बराच वेळ.
"आमच्यासारखीच की गं," म्हणाल्या,
"आठव्या दिवसाची."

पलीकडच्या घरात अळ्या होत्या.
ओता म्हणायची माझी हिंमत झाली नाही,
पाणी परवाच आलेलं, आता सहा दिवस काढायचे.
जुनं धोतर दुहेरी करून गाळून घेतलं आम्ही,
तिनं एक टोक धरलं, मी एक,
आणि धोतरावर जे उरलं ते उन्हात टाकलं.
ते थोडा वेळ उड्या मारत होतं.

संध्याकाळी घरी आले.
गॅलरीत ओव्याच्या कुंडीखालची बशी,
काळी, प्लॅस्टिकची, मीच आणलेली बाजारातून.
काठाशी ती तरंगत होती,
पायांवर पांढरे पट्टे.
मी हात उचलला.
ती उतरली, पुढचा पाय लावून बघितला,
काढला, पुन्हा लावला.
तेवढं मी तिला बघू दिलं.
मग टाळी वाजवली.

बशीत दोन अळ्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या तरी.
मी बशी उपडी केली, घासली,
आणि वहीत आमच्या खोलीच्या नंबरापुढे
लिहिलं: इदे.